आंबे जप्त होतात, मग द्राक्षे का नाहीत?

प्रश्न : उन्हाळा आला की अन्न व औषध प्रशासनाने वाशीच्या बाजारात छापा घालून आंबे जप्त केल्याची बातमी येते. आम्ही मरोळ नाक्यावरच्या हातगाडीवरून वर्षभर फळे घेतो. द्राक्षांवर तर पांढरी पावडर डोळ्यांना दिसते. मग औषध मारलेली द्राक्षे, सफरचंदे सरकार का जप्त करत नाही? जप्त केलेल्या फळांचे पुढे काय होते? आणि मिठाच्या पाण्यात तासभर ठेवली की विष निघून जाते, हे खरे का?
— एक गृहिणी, मरोळ

उत्तर : पांढऱ्या पावडरीची शंका धरून तुमच्या पत्रात चार प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर नीट कळले की बाकीचे तीन बरेच सोपे होतील, म्हणून त्यावर थोडा जास्त वेळ घेतो.

आधी जप्ती आणि जप्ती यांतला फरक. महापालिकेची गाडी येते, कापलेली कलिंगडे, अननसाच्या फोडी, उसाच्या रसातला बर्फ उचलून नेते, हे तुम्ही पाहिले असेल. ती कारवाई कावीळ, गॅस्ट्रो यांसारख्या साथींच्या भीतीपोटी होते, कीटकनाशकाशी तिचा संबंध नसतो. वाशीच्या आंब्यांवरची कारवाई राज्याचे अन्न व औषध प्रशासन करते आणि तिचे कारण बहुतेक वेळा कार्बाइड असते. फवारलेल्या औषधाचा अंश फळात उरला म्हणून माल जप्त होणे ही तिसरी गोष्ट. तिची बातमी तुम्हाला फारशी दिसत नाही, कारण ती क्वचितच घडते. ती क्वचित का घडते, हाच तुमचा खरा प्रश्न आहे.

कार्बाइडचे प्रकरण अधिकाऱ्याच्या दृष्टीने सरळ असते. कॅल्शियम कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि आंब्याला रंग चढतो. बाजारात मिळणाऱ्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरस यांचे अंश असतात, म्हणून या वायूने पिकवलेले फळ विकायला कायद्याने पूर्ण बंदी आहे. किती कार्बाइड वापरले, फळात किती उतरले, असे मोजमाप ही बंदी मागत नाही. पेटी उघडली आणि पेंढ्यात कागदाच्या पुड्या सापडल्या की पंचनामा करण्याजोगा पुरावा जागीच हाती येतो. त्यासाठी प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही. 2016 पासून इथिलीन वायू 100 पीपीएमपर्यंत वापरायला स्पष्ट परवानगी आहे. फळ स्वतः पिकताना हाच वायू सोडते. त्यामुळे ‘रायपनिंग चेंबरमधला आंबा म्हणजे विषारी’ हा समज सोडून द्या. बंदी आहे ती कार्बाइडवर.

कीटकनाशकाचे तसे नाही. फळबागेत औषध फवारणे हा गुन्हा नाही. गुन्हा ठरतो तो ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त अंश फळात उरला तर, आणि तो अंश डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. प्रत्येक औषधाची प्रत्येक पिकासाठी वेगळी मर्यादा असते, आणि जिथे ती ठरवलेलीच नाही तिथे फळांसाठी किलोमागे 0.01 मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. हा आकडा किती लहान आहे पाहा. दहा-दहा टनांचे दहा ट्रक द्राक्षांनी भरले आणि त्या सगळ्या मालात मिळून एक ग्रॅम औषध असले, तर ते प्रमाण किलोमागे 0.01 मिलिग्रॅम होते. एवढा अंश शोधायला फळांचा लगदा करून त्यातला औषधाचा भाग द्रावणात उतरवावा लागतो आणि वस्तुमान मोजणाऱ्या महागड्या यंत्रांवर तो तपासावा लागतो. यंत्र तरी काय सांगणार? ज्या औषधांचा शोध घ्यायला सांगितले असेल, त्यांचेच. यादीबाहेरचे औषध फळात असले तरी अहवाल कोरा येऊ शकतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे नाशिकच्या द्राक्षांच्या वेळी तो पुन्हा लागेल.

आता कायद्याची वाट. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा, तो प्रत्यक्ष लागू झाला 5 ऑगस्ट 2011 पासून. त्यानुसार अन्न सुरक्षा अधिकारी फळांचा नमुना घेतो आणि त्याचे चार भाग करून सील लावतो. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो. दोन भाग पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात. चौथा भाग व्यापाऱ्याने मागणी केली तर मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेकडे जातो, म्हणजे त्यालाही आपली बाजू तपासून घेता येते. विश्लेषकाला अहवाल द्यायला 14 दिवसांची मुदत असते. अहवाल विरुद्ध गेला तर व्यापारी अपील करू शकतो आणि मग राखून ठेवलेला भाग संदर्भ प्रयोगशाळेकडे जातो.

हे चौदा दिवस वाशीच्या गाळ्यात कसे जातील ते पाहू. पहाटे ट्रक लागतो, उजाडायच्या आत माल उतरून विकला जातो, सकाळी टेम्पोने मरोळ, साकीनाका, अंधेरीच्या गाड्यांवर येतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुमच्या फ्रीजमधून संपलेलाही असतो. अहवाल येईपर्यंत त्या खेपेतला एक मणीही शिल्लक नसतो. व्यापाऱ्यावर खटला चालू शकतो, दंड होऊ शकतो, पण जप्त करायला फळ उरलेले नसते.

‘मग संशय आला की आधीच जप्त करा’ असे तुम्ही म्हणाल. कायद्याने तेही करता येते. कायद्याचा भंग झाल्यासारखे दिसले तर अधिकारी माल जप्त करू शकतो. पण वाजवी कारण नसताना जप्ती केली, असे सिद्ध झाले तर त्या अधिकाऱ्यालाच एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही तरतूद चुकीची नाही. नाहीतर कोणाही फळवाल्याला छळायला मोकळे रान मिळाले असते. तिचा परिणाम मात्र असा होतो की जिथे पुडी दिसते तिथे हात पडतो, आणि जिथे फक्त शंका आहे तिथे नमुना घेऊन अधिकारी परततो.

जप्त फळांचे काय होते, हा तुमचा दुसरा प्रश्न. जप्तीचा माल अधिकारी गाडीत घालून कार्यालयात नेत असतील, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तो बहुधा त्याच व्यापाऱ्याच्या ताब्यात सील करून ठेवतात आणि मालाच्या किमतीइतक्या रकमेचे बंधपत्र त्याच्याकडून लिहून घेतात. सील तोडून माल विकला तर तो वेगळा गुन्हा. फळ नाशवंत असते. ते माणसाने खाण्याच्या लायकीचे राहिले नाही, अशी अधिकाऱ्याची खात्री झाली की तो व्यापाऱ्याला लेखी नोटीस देऊन ते नष्ट करवू शकतो. बातमीत ट्रकमधून आंबे ओतून टाकताना दिसतात, त्याआधी ही कागदपत्रे झालेली असतात.

अवशेषांमुळे मोठी जप्ती कधी झालीच नाही असे मात्र नाही. 1985 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात कलिंगड खाऊन माणसांना उलट्या, जुलाब, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असा त्रास होऊ लागला. कलिंगडासाठी परवानगीच नसलेले अल्डिकार्ब नावाचे जहाल कीटकनाशक फळात उतरले होते. 4 जुलै हा तिथला राष्ट्रीय सण, कलिंगडाचा सर्वांत मोठा खप त्याच दिवशी, आणि नेमका त्याच दिवशी राज्याने विक्री थांबवली. अमेरिका आणि कॅनडात मिळून एक हजाराहून अधिक लोकांना बाधा झाल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. तिथे सरकारला इतक्या झपाट्याने हलता आले, कारण खाल्ल्यानंतर थोड्याच वेळात माणसे आजारी पडत होती. नेहमीच्या अवशेषांचे असे होत नाही. त्यांचा संशय असतो तो वर्षानुवर्षे थोडे थोडे पोटात जाण्याचा, आणि त्याचा पंचनामा कोणी करू शकत नाही.

त्याच देशात 1959 च्या नोव्हेंबरमध्ये क्रॅनबेरी या फळाचे उलटे प्रकरण घडले. काही मालात अमिनोट्रायझोल हे तणनाशक सापडले आणि तिथल्या दुसऱ्या एका सणाच्या तोंडावर मंत्र्यांनी तसे जाहीर केले. मग देशभर लोकांनी क्रॅनबेरी घेणेच सोडून दिले. पुढे तपासणीत दोषी निघालेला वाटा अगदी लहान होता आणि सरकारला बागायतदारांना भरपाई द्यावी लागली. म्हणून जप्तीची बातमी वाचल्यावर ‘कोणत्या गाळ्यातला, कोणत्या खेपेतला माल’ हे आधी विचारावे. नाहीतर चांगला माल पिकवणारा शेतकरीही भरडला जातो.

आता मूळ अडचणीकडे येऊ. आपल्याकडे औषधाच्या डब्यावर एक कायदा आहे आणि विकल्या जाणाऱ्या फळावर दुसरा. पहिल्याची कथा मुंबईशीही जोडलेली आहे. 1958 साली केरळात दूषित पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. जहाजातून येताना त्या पिठात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळले होते. चौकशीचे काम मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्याकडे सोपवले गेले आणि पुढे 1968 चा कीटकनाशक कायदा झाला. औषधाची नोंदणी, त्याची विक्री, डब्यावरचे लेबल हे सगळे तो पाहतो. अन्न सुरक्षा कायदा व्यापारी, साठवणूकदार, विक्रेता यांना धरतो, पण त्याच्या अठराव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की शेतकऱ्याला आणि शेताच्या पातळीवरच्या पिकाला हा कायदा लागू नाही. लहान शेतकऱ्यामागे निरीक्षकांचा ससेमिरा लागू नये, हा त्यामागचा हेतू मला योग्यच वाटतो. पण त्यामुळे एक जागा मोकळी राहिली. औषध मारल्यापासून फळ तोडेपर्यंत किती दिवस थांबायचे, ज्याला बागायतदार ‘पीएचआय’ म्हणतात, ते डब्यावर छापलेले असते आणि ते पाळले गेले की नाही हे एकट्या बागायतदाराला ठाऊक असते. अंश वाढतो तो तिथेच. अवकाळी पाऊस झाला, डाउनी किंवा भुरी हा बुरशीचा रोग येईल अशी भीती वाटली की शेवटची फवारणी तोडणीच्या जवळ सरकते. वाशीत फळ येईपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

ही जागा भरता येते, आणि ती महाराष्ट्रातच भरून दाखवली गेली आहे. 2003 च्या हंगामात युरोपला गेलेल्या आपल्या द्राक्षांत मर्यादेबाहेर कीटकनाशके सापडली आणि निर्यातच धोक्यात आली. मग अपेडा या केंद्र सरकारच्या निर्यात संस्थेने आणि पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने अवशेष तपासणीची पद्धत बसवली. 2006 पासून ‘ग्रेपनेट’ सुरू झाले. निर्यातीची प्रत्येक बाग कृषी खात्याकडे नोंदवायची, फवारणीची वही ठेवायची, तोडणीआधी बागेतून नमुना घ्यायचा, आणि तो पास झाला तरच त्या बागेचा माल पॅकहाउसमध्ये घ्यायचा. नापास बागेचा घड युरोपच्या पेटीत जातच नाही. ही जप्ती नाही, कारण तिची गरजच पडत नाही.

तरी 2010 साली मोठा फटका बसला. क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांच्या तोंडी ‘सीसीसी’, हे वेलीची वाढ रोखणारे संजीवक आहे. कीड मारायला ते वापरत नाहीत. छाटणीनंतर शेंडा थांबावा आणि घड चांगले लागावेत म्हणून ते दिले जाई. महिने उलटूनही त्याचा अंश घडांत उतरला. युरोपची मर्यादा होती किलोमागे 0.05 मिलिग्रॅम. तिथल्या प्रयोगशाळांनी नेमके हे शोधले आणि आपल्या यादीत ते नव्हतेच. आपल्या प्रयोगशाळांचे दाखले खोटे नव्हते, प्रश्नच विचारलेला नव्हता. कंटेनर अडकले, भाव कोसळले, आणि नाशिक-सांगलीकडच्या अनेक बागायतदारांचे कर्जाचे हिशेब बिघडले. त्यानंतर सीसीसी तपासणीच्या यादीत आले.

या प्रकरणातून दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. पहिली, युरोपने नाकारलेली द्राक्षे खाऊन कोणी आजारी पडले असते, असा त्याचा अर्थ होत नाही. अवशेषांची मर्यादा ही औषध नियमाप्रमाणे वापरले तर जास्तीत जास्त किती उरेल, यावरून ठरते. रोजच्या जेवणातून ते पोटात गेले तर धोका नाही ना, हेही पाहिलेले असते आणि त्यात बरीच जागा राखलेली असते. ज्या औषधाला परवानगी नाही त्याची मर्यादा तर बहुधा ‘यंत्राला जेवढे दिसते तेवढे’ अशीच ठेवतात. मर्यादा ओलांडली म्हणजे नियम मोडला, एवढे नक्की. तेवढ्यानेच विषबाधा होईल, असे नाही. दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. जी वही, जो नमुना, जी अडवणूक परदेशी ग्राहकासाठी आपण नाशिकच्या बागेत उभी करू शकलो, ती मरोळच्या ग्राहकासाठी अजून उभी केलेली नाही. यंत्रे आहेत, प्रशिक्षित माणसे आहेत, बागायतदारांना सवयही आहे. वाशीत येणाऱ्या मालालाही बागेचा क्रमांक लावला, तोडणीआधी काही नमुने तपासले, तर चौदा दिवसांच्या अहवालामागे धावण्याची वेळ येणार नाही. जप्तीच्या छाप्यांपेक्षा मला या कामाची निकड अधिक वाटते.

घाबरायचे किती, हेही सांगायला हवे. केंद्रीय कृषी खात्याची देशभर अवशेष तपासण्याची योजना आहे. 2014-15 मध्ये तिच्यात भाज्या, फळे, धान्य वगैरेंचे 20,618 नमुने तपासले गेले. त्यांत 543 नमुने, म्हणजे 2.6 टक्के, मर्यादेबाहेर निघाले. हा आकडा धीर देणारा आहे. पण साडेबारा टक्के नमुन्यांत त्या पिकासाठी मान्यताच नसलेली औषधे आढळली, आणि तो आकडा धीर देणारा नाही. दुकानदार देईल ते औषध मारले जाते, हेच त्यातून दिसते. याची सर्वांत जड किंमत फळ खाणारा मोजत नाही, फवारणारा मोजतो. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. फळावरच्या अंशाची काळजी करताना पाठीवर पंप बांधलेला तो माणूस विसरता कामा नये.

आता तुमची पांढरी पावडर. द्राक्षाच्या मण्यावर बोट फिरवले की निघणारी ती फिकट झाक बहुतेक वेळा मण्याच्या सालीने स्वतः तयार केलेले मेण असते. त्याने आतले पाणी टिकते, आणि ती शाबूत असणे हे ताजेपणाचे लक्षण आहे. निळसर-हिरवट सुकलेले थेंब किंवा डाग दिसले तर मात्र ते बोर्डो मिश्रणासारख्या बुरशीनाशक फवाऱ्याचे असू शकतात. ते धुऊन निघतात. उलट ज्या अंशाची चिंता करावी तो दिसतच नाही, म्हणून चकचकीत मणी पाहून निर्धास्तही होऊ नये.

मीठ आणि पाणी. औषधे ढोबळमानाने दोन जातींची असतात. स्पर्शजन्य औषध सालीवर बसते, आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसातून आत शिरते. सालीवरचा भाग वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याने बराच कमी होतो. आत शिरलेला भाग मिठाने, व्हिनेगरने, कशानेच निघत नाही. मीठ टाकल्याने साध्या पाण्यापेक्षा फार मोठा फरक पडेल अशी आशा ठेवू नका. खाण्याच्या सोड्याचा मात्र थोडा आधार आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या 2017 च्या अभ्यासात सोड्याच्या पाण्यात सफरचंदे 12 ते 15 मिनिटे ठेवल्यावर सालीवरची दोन औषधे जवळजवळ निघून गेली. सालीत मुरलेला अंश तिथेही उरलाच. लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम सोडा, पंधरा मिनिटे, मग साध्या पाण्याने स्वच्छ धुणे, एवढे पुरे. भांडी घासायचा साबण लावू नका, तो फळातच मुरतो. आंबा, केळी, पपई, कलिंगड यांची साल आपण फेकतो, पण सुरी साल कापून आत जाते, म्हणून तीही फळे कापण्याआधी धुवावीत. आणि या भीतीने मुलांची फळे बंद करू नका, त्यात त्यांचे नुकसान जास्त आहे.

शेवटी एक हक्क, जो फार थोड्यांना ठाऊक असतो. त्याच अन्न सुरक्षा कायद्याच्या चाळिसाव्या कलमानुसार तुम्ही स्वतः विकत घेतलेले फळ ठरलेली फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकता. अट एकच : खरेदी करतानाच विक्रेत्याला ‘मी हे तपासायला देणार आहे’ असे सांगायचे. फळ कायद्याच्या विरुद्ध निघाले तर भरलेली फी परत मिळते आणि पुढची कारवाई प्रशासन करते. हातगाडीवाल्याला हे सांगताना अवघड वाटेल, कारण त्याला बिचाऱ्याला बागेतले काहीच ठाऊक नसते. म्हणून सोसायटीतल्या चार-पाच घरांनी मिळून, एखाद्या मोठ्या दुकानातून किंवा मॉलमधून घेतलेल्या पेटीबंद फळांवर हा हक्क वापरून पाहावा. तिथे पुरवठादाराचे नाव कागदावर असते आणि धागा मागे बागेपर्यंत नेता येतो. कार्बाइडची पुडी पेटीत सापडली तर मात्र फी-बी काही लागत नाही. पुडी आणि पेटी तशीच ठेवून, शक्य तर पावतीसह, अन्न व औषध प्रशासनाच्या 1800-222-365 या निःशुल्क क्रमांकावर कळवा.